सरपंच एकीकडचा, सदस्य दुसरीकडचे : एका गावाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रात ऊसपट्ट्यातल्या एका गावाचं आहे. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही, आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदललेत. ग्रामपंचायतीचे हिशोब कसे वाचायचे हे गावागावात जाऊन सांगायचं काम मी करतो, त्या निमित्तानं या गावात जाणं झालं आणि पुढचं बरंचसं जवळून बघायला मिळालं. हे लिहायचं कारण एकच, जुन्या पुढाऱ्यांवरचा लोकांचा राग आणि त्या रागावर स्वार होऊन येणारा नवा माणूस याबद्दल आपण नेहमी दिल्ली-मुंबईच्या पातळीवर बोलतो, पण तो राग तयार कुठं होतो हे बघायचं असेल तर ग्रामपंचायतीत बघावं लागतं.

पार्श्वभूमी

गावठाण एक, वाड्या तीन, शिवाय मळ्यात राहणारी घरं. १९९०च्या दशकापासून गावात एकाच गटाची सत्ता. गटाचे प्रमुख, त्यांना इथं तात्या म्हणू, साखर कारखान्यात डायरेक्टर राहिलेले, विकास सोसायटी त्यांच्याच माणसांकडं, दूध डेअरीही. तात्यांनी कामं केली नाहीत असं त्यांचे विरोधकसुद्धा म्हणत नाहीत. हायस्कूलची इमारत, पाण्याची टाकी, गावात येणारा डांबरी रस्ता हे सगळं त्यांच्याच काळातलं.

मग लोकं चिडली कशावर? मी वाड्यांवर बसून ऐकलं तेव्हा पहिल्यांदा पैसे खाल्ल्याचा विषय निघतच नव्हता, निघत होता तो पाया पडण्याचा. दाखला पाहिजे तर तात्यांच्या वाड्यावर जायचं, सोसायटीचं कर्ज पाहिजे तर वाड्यावर, ऊसतोडीची टोळी आपल्या फडात कधी येणार तेही वाड्यावरनंच ठरायचं. ज्याचा ऊस तुरा येऊन वाळत उभा राहिलाय आणि शेजारच्या पाहुण्याचा आधी तुटून गेला त्या माणसाला कारखान्याचा तोडणी कार्यक्रम कसा लागतो हे समजावून काही उपयोग नसतो. एक आजी म्हणाल्या, "काम करत्यात हो, पर आमचंच काम असून उपकार केल्यागत करत्यात."

दुसरं म्हणजे ग्रामसभा. कायद्यानं ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातले जे कमी असतील तेवढे लोक लागतात. तेवढे आले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही. या गावात वर्षानुवर्षं पहिली सभा तहकूबच व्हायची आणि दुसरीला ठरलेले दहा-पंधरा जण बसून ठराव व्हायचे, रजिस्टर नंतर सह्यांसाठी घरोघर फिरायचं. यात कायदा मोडला असं सिद्ध करणं अवघड, पण गावाला कळत होतं की आपल्याला विचारलेलं नाही.

त्यात २०२२चा जून आला, राज्यात शिवसेना फुटली, सरकार बदललं. त्याआधी २०१९च्या नोव्हेंबरात पहाटेचा शपथविधी लोकांनी टीव्हीवर बघितलेलाच होता. गावातले लोकं म्हणायची की आपण मत कुणाला दिलं आणि ते गेलं कुठं हेच समजंना. आणि तात्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे वरचे फोटो दोन-तीन वर्षांत बदलत गेले, हे पोरांनी मोबाईलमध्ये जुने फोटो काढून शेजारी शेजारी लावून दाखवलं. वरच्या राजकारणावरचा अविश्वास खाली कसा झिरपतो याचं यापेक्षा सरळ उदाहरण मला माहीत नाही.

नवा माणूस

गावातलाच तिशीतला एक जण, जेसीबी आणि पोकलेनचा धंदा करणारा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मे महिन्यात, यानं स्वतःच्या गाडीतनं पेशंट तालुक्याला नेले, बेडसाठी रात्ररात्र फोन केले. हे नाटक नव्हतं, लोकांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं आणि तेव्हा वाड्याचं दार बंद होतं हेही बघितलं होतं. पुढं त्यानं व्हॉट्सॲप ग्रुप काढला, तुंबलेल्या गटारापुढं उभं राहून फेसबुक लाईव्ह करायला लागला.

१८ डिसेंबर २०२२ला राज्यात साडेसात हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक लागली, त्यात हे गाव होतं. थेट जनतेतून सरपंच ही पद्धत २०१७ला आली होती, २०२०ला ती रद्द झाली आणि २०२२च्या जुलैत परत आली. म्हणजे आता सदस्यांची जुळवाजुळव न करता एका माणसाला अख्ख्या गावाची मतं थेट मागता येणार होती. त्यानं तसंच केलं. घोषणा होती "एकीकडं गाव, एकीकडं वाडा". आश्वासनं तीन : घरपट्टी-पाणीपट्टी माफ, जुन्या सगळ्या कामांची चौकशी करून खाल्लेला पैसा वसूल करून गावाला परत, आणि दाखले घरपोच.

इथं जुन्या पॅनलचा, म्हणजे तात्यांच्या गटाचा, पहिला निर्णयाचा क्षण होता. त्यांच्याकडं एक सदस्य होत्या, त्यांना वहिनी म्हणू, बचत गटाचं काम करणाऱ्या, वाड्यांवर ज्यांच्या शब्दाला मान होता. सरपंचपदाची जागा खुली होती, त्यांना उभं करता आलं असतं. पॅनलनं तात्यांच्या पुतण्याला उभं केलं. घराणेशाहीवर राग असलेल्या गावात वाड्यातलाच उमेदवार दिल्यावर विरोधकाला वेगळा प्रचार करायची गरजच उरली नाही.

२० तारखेला निकाल लागला. सरपंचपदाला नवा माणूस मोठ्या फरकानं निवडून आला आणि सदस्य मात्र बहुतेक जुन्या पॅनलचे. बाहेरच्याला हे विचित्र वाटतं पण तसं ते नाही. प्रभागातला सदस्य हा भावकीतला, शेजारचा, रात्रीबेरात्री हाकेला येणारा असतो, त्याला मत देताना माणूस ओळख बघतो, आणि सरपंचाच्या मशीनवर बटण दाबताना तोच माणूस वाड्याला निरोप देत होता.

अडचण

सरपंचाला घरपट्टी माफ करता येत नाही. कर लावायचा आणि वसूल करायचा हे ग्रामपंचायतीचं कायद्यानं दिलेलं कामच आहे, एकट्याच्या सहीनं ते थांबत नाही. पण तो बोलून बसला होता आणि लोकांनी ऐकलं होतं. मार्चअखेर वसुलीला शिपाई दारात गेला की माणसं म्हणायची "सरपंचाला विचार". २०२३च्या उन्हाळ्यापर्यंत वसुली जवळपास थांबली. पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं वीजबिल थकलं, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार थकला. पगाराला वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडनं ग्रामपंचायतीला येणारा, पैसा चालत नाही, तो गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातनंच द्यावा लागतो, ही गोष्ट गावात फारशी कुणाला माहीत नव्हती.

दुसरीकडं सदस्य सरपंचाचा एकही विषय मंजूर करेनात आणि सरपंच जुन्या कामांच्या बिलांवर डिजिटल सही करेना. वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सह्या झाल्याशिवाय निघत नाहीत, त्यामुळं खात्यात पैसे असून गाव अडून बसलं. सरपंच लाईव्हवर म्हणायचा वाडा काम करू देत नाही. पॅनल म्हणायचं लोकांनी येड्याला निवडून दिला, भोगा आता. १ मेच्या ग्रामसभेत खुर्च्या उडाल्या.

त्यातनं आणखी एक झालं. सरपंचाला कुणी साधा प्रश्न विचारला, की बाबा पाण्याचं बिल कशातनं भरणार, तर लगेच ग्रुपवर तो माणूस "वाड्याचा" ठरायचा. एका शिक्षकानं असा प्रश्न विचारला तर त्याच्या घराचा फोटो टाकला गेला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच होती, फुकटच्या आश्वासनापेक्षाही. फुकटचं आश्वासन हिशोबानं खोटं ठरतं, पण हिशोब विचारणाराच गावाचा शत्रू ठरला तर तो हिशोब मांडणार कोण?

समोर काय काय पर्याय होते

वहिनी यावेळीही सदस्य म्हणून निवडून आल्या होत्या. पाण्याचा खेळखंडोबा त्यांच्याच बायकांना सोसावा लागत होता म्हणून त्यांनी ग्रामसेवक भाऊसाहेबांना आणि मला बसवून घेतलं, पॅनलमधले आणखी दोघंतिघं होते.

पहिला पर्याय अविश्वास ठरावाचा. पण थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणताच येत नाही, नंतरही तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदानानं तो मंजूर व्हावा लागतो. तेव्हा तो विषय तिथंच संपला.

दुसरा पर्याय पॅनलमधल्या बहुतेकांना आवडला होता. बिल दिल्यापासून तीन महिन्यांत ग्रामपंचायतीचा कर भरला नाही तर सदस्य अपात्र ठरू शकतो, सरपंचालाही ते लागू आहे, निर्णय जिल्हाधिकारी देतात. आणि माफीचं बोलून बसलेल्या सरपंचानं स्वतःचीच घरपट्टी भरलेली नव्हती. वकील तयार होता, कागद तयार होते. तात्यांचा निरोप होता, सोडू नका.

तिसरा पर्याय, आमदाराकडनं मोठा निधी आणून भूमिपूजन करायचं, आपली ताकद दाखवायची. चौथा कुणीतरी मांडला की आपणच त्याच्यापेक्षा मोठी माफी जाहीर करू, म्हणजे त्याची हवा जाईल.

आणि पाचवा वहिनींचा. तो चौकशी मागतोय ना, मग आपणच चौकशी करायची, मागची पाच वर्षं उघडी करायची, वाडीवर नेऊन वाचायची.

या बैठकीत बराच वेळ दुसऱ्या आणि पाचव्या पर्यायावर गेला. अपात्रतेची केस कायद्यानं भक्कम होती, ती टाकली तर सरपंच जाण्याची बरीच शक्यता होती आणि तसं करण्यात चुकीचंही काही नव्हतं, कायदा सगळ्यांना सारखा. पण वहिनी म्हणाल्या, "त्याला कागदावर घालवला तर पोटनिवडणुकीला तो नाहीतर त्याची बायको दुप्पट मतानं येईल, आन् लोकं म्हणतील बघा वाड्यानं कोर्टकचेरी करून आमचा माणूस काढला. आपल्यावर इस्वास नाही हे खरं दुखणं हाय, ते तसंच राहील." मला हे पटलं. लोकांच्या मनातला संशय खरा की खोटा हे तपासायची सोयच त्यांना नव्हती, आणि ती सोय केल्याशिवाय कुणाही पुढाऱ्याचं बोलणं त्यांनी का मानावं? पॅनलमधल्या एकाची भीती वेगळी होती, उघडं केलं आणि काही निघालं तर? त्यावर वहिनींचं उत्तर, "निघालं तर आपण सांगितलेलं बरं, त्यानं लाईव्हवर सांगण्यापरीस."

काय केलं

ई-ग्रामस्वराज पोर्टलवर प्रत्येक ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च कुणालाही बघता येतो, २०२०पासून ते चालू आहे, गावात ते उघडून बघितलेली माणसं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. भाऊसाहेबांनी पाच वर्षांचे कागद काढले. मग ते गावाचे एकत्र न ठेवता वाडीवार वेगळे केले, कारण "गावात एवढे लाख खर्च झाले" हे वाक्य लोकांना काहीच सांगत नाही, "तुमच्या मारुती मंदिरापासून ओढ्यापर्यंत एवढ्या मीटरचं गटार, एवढे पैसे, हा ठेकेदार" हे सांगतं.

संध्याकाळी वाडीवर बसायचं, यादी मोठ्यानं वाचायची आणि वाडीनंच चार माणसं निवडायची, त्यात दोन बाया पाहिजेतच, त्यांनी टेप घेऊन कामं मोजायची आणि मोजमाप पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघायची. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण पहिल्या वाडीवर बायका टेप धरून गटार मोजायला लागल्या तेव्हा जी गर्दी जमली ती त्या वाडीवर कुठल्या प्रचारसभेला जमली नव्हती.

काय निघालं? बहुतेक कामं जागेवर होती. हे लोकांनाच आश्चर्याचं होतं, कारण सगळंच खाल्लं अशी पक्की समजूत होती. एक गटार कागदापेक्षा आखूड निघालं. गावठाणात चांगल्या रस्त्यावर परत पेव्हर ब्लॉक टाकलेले निघाले, तेही वाड्यापुढं. एक हायमास्ट दिवा, त्याचं बिल निघूनही, बंदच पडलेला होता. आणि जलजीवनच्या पाइपसाठी उकरलेले रस्ते ठेकेदारानं नीट बुजवलेले नव्हते, ते काम ग्रामपंचायतीचं नव्हतं पण शिव्या ग्रामपंचायतच खात होती.

आखूड गटाराचा विषय आला तेव्हा दुसरा अवघड क्षण आला. त्या प्रभागाचे जुने सदस्य पॅनलचेच होते आणि त्यांनी गप्प बसायचा आग्रह धरला. वहिनींनी ते वाडीवर सगळ्यांसमोर वाचलं आणि ठेकेदाराकडनं वसुलीसाठी पंचायत समितीला पत्र द्यायचा ठराव स्वतः मांडला. त्या दिवसापासून तात्यांच्या घरी त्यांना चहाला बोलावणं बंद झालं.

हिशोब वाचताना एक गोष्ट वारंवार समजावून सांगावी लागली. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के हिस्सा तेव्हा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, उरलेला ४० टक्के इतर गरजांना. रस्ता मागितला तर गटार का मिळायचं याचं कारण हे होतं. एक म्हातारे म्हणाले, एवढी वर्षं हे कुणी सांगितलं का नाही, आम्हाला वाटायचं मुद्दाम देत न्हाईत. खरंच, का नाही सांगितलं? माझं मत असं की न सांगण्यात पुढाऱ्याचा फायदा असतो, नियमानं मिळालेलं काम मग मेहेरबानी म्हणून खपवता येतं. त्याच न सांगण्यानं पुढं नव्या माणसाला "सगळं खाल्लं" म्हणायची जागा करून दिली.

सरपंच आधी याला वाड्याचं नाटक म्हणाला. दोन वाड्यांचं मोजून झालं तसा ग्रुपवर त्याचेच समर्थक विचारायला लागले की तुम्ही का येत नाही, तेव्हा तिसऱ्या वाडीला तो आला. आणि इथं एक चांगलं झालं, खोदाई-भरावाचं काम करणारा माणूस असल्यानं कुठं किती मुरूम पडलाय, काँक्रीटची जाडी किती, हे त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. हायमास्टचं आणि रस्ता बुजवण्याचं काम ठेकेदारांच्या मागं लागून त्यानंच करून घेतलं.

घरपट्टीचा तिढा शेवटी असा सुटला. पाण्याच्या मोटारीचं महिन्याचं बिल, कर्मचाऱ्याचा पगार आणि जमा झालेली वसुली हे तीन आकडे ग्रामपंचायतीबाहेर फळ्यावर लिहायचे, थकबाकी हप्त्यानं घ्यायची आणि सरपंचानं पहिला हप्ता स्वतः सगळ्यांसमोर भरायचा. "माफी" हा शब्द त्यानं मागं घेतला नाही, "सरकारकडनं माफी मिळेपर्यंत" असं म्हणून भरला. वहिनींनी त्यावर वाद घातला नाही, आणि ते शहाणपणाचं होतं, कारण त्याला खाली मान घालायला लावलं असतं तर तो तिथनं उठून गेला असता आणि हप्ता राहिला असता. बदल्यात सदस्यांनी त्याचे अडवलेले विषय मंजूर केले आणि त्यानं तपासून झालेल्या बिलांवर सह्या केल्या.

१५ ऑगस्ट २०२३ची ग्रामसभा तहकूब न होता पहिल्या फटक्यात झाली.

परिणाम

पाणी नियमित सुरू झालं. वसुली वाड्यांवर बरीच सुधारली, गावठाणात कमी. सरपंच लाईव्हवर "चौकशी मीच लावली" म्हणतो आणि निम्मं खरंच आहे, त्यानं मागणी लावून धरली नसती तर कागद कपाटातच राहिले असते. शिक्षकाच्या घराचा फोटो टाकल्याबद्दल मात्र त्यानं कधी चुकलं म्हटलं नाही, आणि ते शिक्षक आजही ग्रामसभेला येत नाहीत. ते या प्रकरणाचं नुकसान आहे, दुसरं काही बरं झालं म्हणून ते भरून निघत नाही.

२०२४मध्ये याच गावानं मे महिन्यात लोकसभेला एकीकडं मत दिलं आणि नोव्हेंबरात विधानसभेला दुसरीकडं. राज्यातही तसंच झालं, लोकसभेला ४८पैकी ३० जागा महाविकास आघाडीला आणि सहा महिन्यांत विधानसभेला महायुतीचे २८८पैकी २३०च्या वर. मधल्या काळात लाडकी बहीणचे महिन्याला १५०० थेट खात्यात यायला लागले होते. बचत गटातल्या बायका त्याबद्दल काय बोलत होत्या ते ऐकण्यासारखं होतं, रकमेइतकंच त्यांना हे मोठं वाटत होतं की पैसे आले आणि मध्ये कुणाच्या दारात जावं लागलं नाही. याला मतांसाठी वाटलेले पैसे म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि निवडणुकीच्या तोंडावर आणलेली योजना हे तर उघडच आहे, पण ज्या बाईनं साध्या दाखल्यासाठी वाड्याच्या पायरीवर तास काढलेत तिच्यासाठी मधला माणूस गेला ही केवढी गोष्ट आहे हे समजून न घेता टीका करणारे पुढारी परत तीच चूक करतायत असं मला वाटतं.

अविश्वासाची दोन वर्षांची अट २०२५च्या सुरुवातीपर्यंत संपली. तात्यांच्या जवळच्या सदस्यांनी ठरावाची तयारी केली, वहिनींनी आणि आणखी काहींनी सही दिली नाही, तीन चतुर्थांश जमले नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

पॅनलनं हिशोब निवडणुकीच्या आधी, सत्तेत असताना उघडे करायला पाहिजे होते. हरल्यावर उघडे केले तर लोकांना ती चाल वाटते आणि पहिल्या वाडीवर तसं वाटलंच. उमेदवार निवडताना वहिनींना डावललं त्याचं कारण पॅनलमध्ये आजही नीट कुणी सांगत नाही.

सरपंचाला पहिल्या दिवसापासून बोलवायला हवं होतं. तो येणार नाही असं गृहीत धरलं गेलं, विचारलंच नाही. आला असता तर दोन वाड्या संशयात गेल्या नसत्या. आणि गावठाण शेवटी ठेवलं, तिथं सगळ्यात अवघड लोकं म्हणून, तोपर्यंत पावसाळा लागला, शेतीची कामं निघाली, बैठका अर्ध्यावर राहिल्या. गावठाणातली वसुली कमी का, याचं बरंचसं कारण ते आहे.

सरपंचाच्या बाजूनंही बघू. चौकशी आणि घरपोच दाखले ही दोन आश्वासनं त्याच्या हातातली होती, तेवढ्यावरही तो निवडून आला असता असं गावात आता बरेच जण म्हणतात. माफीचं बोलण्याआधी त्यानं कुणालाही, अगदी भाऊसाहेबांना जरी विचारलं असतं तरी मोटारीचं बिल थकलं नसतं.

हे सगळं एका ग्रामसेवकाच्या आणि एका सदस्याच्या इच्छेवर उभं होतं, ही त्यातली कच्ची बाजू. भाऊसाहेबांची मध्यंतरी बदली झाली. नवीन आलेल्यांनी फळा बंद केला नाही, पण आकडे दोन-दोन महिने उशिरा पडायला लागले, तेव्हा बचत गटाच्या बायकांनी दर महिन्याला स्वतः आकडे मागून लिहायचं ठरवलं आणि ग्रामसभेत तसा ठराव करून घेतला. आखूड गटाराच्या वसुलीचं पत्र अजून पंचायत समितीत पडून आहे. वहिनी त्याचा पाठपुरावा करतायत, आणि गेल्या खेपेला सरपंच त्यांच्यासोबत तालुक्याला गेला होता. पुढची निवडणूक पाच वर्षांची मुदत धरता २०२७च्या अखेरीस अपेक्षित आहे, दोघंही सरपंचपदाला उभं राहायचं म्हणतायत.